एकशे त्रेचाळीस साचे

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका संस्थेत, केसपेपरच्या खिडकीत मी बावीस वर्षं काढली. शेजारच्या टेबलावर ती बसायची. कागदोपत्री तिचा हुद्दा संगणक सहायक, पण सगळे तिला टेपताई म्हणायचे.

ती नोकरीला लागली तेव्हा संस्थेत चार कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर होता. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत. तिथे पूर्वी झाडू आणि फिनेल ठेवायचे, त्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही. एकदा साहेबांनी टेप ड्राइव्ह, म्हणजे कॅसेटसारख्या टेपांवर फाइली साठवणारं यंत्र, मागवला, आणि त्याच्यासोबत नेटवर्कवरून सगळ्या कॉम्प्युटरांचा बॅकअप एका जागी घेणारं सॉफ्टवेअर. खोकं तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "जमेल ना?"

"बघते," ती म्हणाली.

बघायला नऊ दिवस लागले. पहिले दोन दिवस सर्व्हरला टेप ड्राइव्ह दिसेचना. शेवटी केबल बदलल्यावर दिसला. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा होता, म्हणजे सर्व्हरने फाइली मागितल्या की तो देणार. माझा कॉम्प्युटर काही केल्या दाद देईना. ती माझ्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसून वायरी तपासत राहिली आणि मी पाय वर घेऊन केसपेपर लिहीत राहिले. मग कुठले फोल्डर घ्यायचे, कुठल्या दिवशी सगळं घ्यायचं, कुठल्या दिवशी फक्त बदललेलं, ते सगळं तिने भरलं. टेपांवर वारांची नावं लिहिली. महिन्याची एक टेप कपाटात वेगळी ठेवायची, असंही ठरवलं.

शेवटच्या दिवशी तिने माझी एक फाइल माझ्यादेखत पुसून टाकली. पाच मिनिटांत ती टेपवरून जशीच्या तशी परत आली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. हीच परीक्षा वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरची घ्यायची राहिली. तिथे काम चालू होतं, आणि साचेकाकांना उठवायचं तिच्या जिवावर आलं.

साचेकाका म्हणजे आमचे मुख्य कारागीर. पाय गेलेल्या माणसाच्या पायाच्या उरलेल्या भागावर प्लास्टर गुंडाळून, मग त्या पोकळीत पुन्हा प्लास्टर ओतून साचा घेतात. पण नुसता साचा उपयोगाचा नसतो. हाड कुठे टोचेल, वजन कुठे पेलेल, ते ओळखून तो कानशीने घासावा लागतो. या घासण्यातच काकांची हयात गेली होती. पुरा झालेला साचा ते नवीन स्कॅनरवर फिरवून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचे. त्यामुळे पाय झिजला की नवा बनवायला माणसाला परत मापासाठी बोलवावं लागत नसे. स्कॅनरचा प्रोग्रॅम मात्र ते कधीच बंद करत नसत. म्हणायचे, "बंद केला आणि उद्या उघडला नाही तर?"

रोज सकाळी बॅकअपचा अहवाल यायचा. तीन कॉम्प्युटरांपुढे हिरवी खूण, वर्कशॉपपुढे पिवळी. पिवळी म्हणजे काम झालं, पण काही फाइली उघड्या होत्या म्हणून सुटल्या. सुरुवातीला आठवडाभर तिने सुटलेल्यांची यादी उघडून पाहिली. रोज त्याच दोन बिनकामाच्या, तात्पुरत्या फाइली. मग तिने यादी उघडणं सोडून दिलं. पिवळ्याची सवय झाली.

काही महिन्यांनी स्कॅनर विकणाऱ्यांचा माणूस येऊन प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकून गेला. तिच्यात सगळे साचे एकाच मोठ्या फाइलीत राहायचे, आणि ती फाइल प्रोग्रॅम चालू असेपर्यंत उघडी. म्हणजे कायमच उघडी. त्या दिवसापासून सुटलेल्यांच्या यादीत तिसरं नाव आलं. खूण पिवळीच होती.

पुढच्या वर्षी साहेबांना मागची खोली हवी झाली. नवा पाय लावलेल्यांना चालायचा सराव करायला दांडे बसवायचे होते. ती खोली जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टरच्या साच्यांनी भरलेली. काका साहेबांकडे गेले नाहीत. तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"पोरी, मोडू का मग?"

"मोडा काका. स्कॅन केलंय ना सगळं?"

"केलंय. पण ते मशीनच बसलं तर?"

"टेपवर आहे. रोज जातं."

"बघ हं. परत घडवणं माझ्याच्याने व्हायचं नाही आता."

"माझ्यावर सोडा," ती म्हणाली. मी ऐकलं ते. तिला खात्री होती, म्हणूनच म्हणाली.

काकांनी तीन आठवडे रोज थोडे थोडे मोडले. मागच्या अंगणात पोत्यावर ठेवून, वर ओला कपडा टाकून हातोड्याने. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी वर्कशॉपचा कॉम्प्युटर टकटक करायला लागला आणि बंद पडला. डिस्क गेली होती. तिने नवी डिस्क बसवली आणि टेप घालून बसली. अकराच्या सुमाराला तिने माझ्याकडे पाहिलं. सोमवारची टेप, मग शुक्रवारची, मग महिन्याच्या एकेक करून सगळ्या. मोठी फाइल एकाही टेपवर नव्हती. कपाटातल्या सगळ्यात जुन्या टेपवर नवी आवृत्ती येण्यापूर्वीचे साचे होते, ते परत आले. त्यानंतरचे एकशे त्रेचाळीस नव्हते.

ती उठून वर्कशॉपमध्ये गेली. मीही मागून गेले.

"काका, टेपवर नाहीये. मी बघायला हवं होतं. बघितलं नाही."

काकांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "किती?" तिने आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि नळावर हात धुवायला गेले. धुतच राहिले.

साहेबांनी वर कळवलं की तांत्रिक बिघाडामुळे नुकसान झालं. तिने वेगळं पत्र दिलं. त्यात लिहिलं की बिघाड डिस्कचा होता, पण साचे बिघाडाने गेले नाहीत; सुटलेल्या फाइलींची यादी रोज समोर येत होती आणि मी ती उघडली नाही. साहेबांनी पत्र वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं. "कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?" एवढंच म्हणाले.

घरी ती आणि सासूबाई दोघीच असायच्या. नवरा कामानिमित्त दुसऱ्या गावी. तिचं जेवण सुटलं तेव्हा सासूबाईंनी मला फोन करून सगळं विचारून घेतलं. नंतर तिला म्हणाल्या, "तू मुद्दाम केलं नाहीस हे खरं. पण ज्यांचे साचे गेले त्यांना ते फोनवर सांगत बसू नकोस. त्यांना कधी यायचं तेवढं सांग." तिने मला हे सांगितलं तेव्हा मला त्या बाई कठोर वाटल्या. तिला वाटल्या नाहीत.

सगळे फोन तिने स्वतः केले. मी केसपेपर काढून नंबर द्यायची. सहा जण वारले होते. एकोणीस जणांचा फोन लागलाच नाही. एकतीस जण म्हणाले, आत्ताचा पाय चालतोय, मोडला की बघू. सत्याऐंशी आले.

त्यांत एक गणिताच्या बाई होत्या. शाळेत दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं काम. त्यांचा आधीचा साचा सहाव्या खेपेला जमला होता. पहिल्या पाच वेळा कातडी सोलवटून निघाली होती. तो पाय लावून त्या आठवड्याला तीस तास शिकवायच्या. आता तो झिजला होता. काकांनी पुन्हा प्लास्टर घेतलं, पण दोन वर्षांत त्यांच्या हाताला कंप सुटला होता. चार पाय बनवले. चौथ्यांदा बाई दांड्यांच्या मधून चालत गेल्या, परत आल्या आणि बाकावर बसल्या.

"आता पुरे, काका."

"अजून एकदा घासून बघतो. इथे बाजूला थोडं..."

"नको. एवढा बरा आहे. बसून शिकवीन."

टेपताई दारात उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण तिचा संबंध त्यांना ठाऊक नसावा. खुर्चीवर बसून त्यांनी वर्षभर शिकवलं. मग शाळेने त्यांना ग्रंथालयात बसवलं, हे आम्हाला पुढच्या दुरुस्तीच्या वेळी कळलं.

काकांनी त्या वर्षाखेरीस मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाला ते तिच्याशी नीट बोलले, घरी ये म्हणाले. ती दोनदा गेली. दोन्ही वेळा काकूच बोलत राहिल्या, असं म्हणाली; मग गेली नाही.

सॉफ्टवेअरची मांडणी तिने पहिल्यापासून पुन्हा केली. उघड्या फाइलीही घ्यायच्या, अशी सोय त्यात आधीपासून होती. एका चौकटीत खूण करायची होती फक्त. दर शुक्रवारी ती प्रत्येक कॉम्प्युटरची एक फाइल टेपवरून परत आणून बघायची. बढतीचा अर्ज दोनदा आला, तिने भरला नाही. पूर्वी डबा खाताना साहेबांच्या चालीची नक्कल करून हसवायची, ते बंद झालं. नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही.

त्या एकतीस जणांचे पाय पुढे एकेक करून झिजले. कुणी खिडकीशी आलं की मी तिला खूण करायची. ती काम टाकून उठायची, त्या माणसाला मापाच्या खोलीपर्यंत न्यायची आणि वाटेत सांगायची की तुमचा साचा माझ्या हातून गेला. कुणी बरं म्हणायचं, कुणी पुढे चालू लागायचं. मी निवृत्त होण्याच्या महिनाभर आधी एक ट्रकचालक आला. तिने नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"कुठला साचा?" त्याने विचारलं.

तिने सगळं सांगितलं. टेप, यादी, पिवळी खूण, सगळं. तो कुबडी काखेत धरून ऐकत होता. शेवटी वैतागला.

"बाई, ते राहू द्या. मला पाय कधी मिळेल?"

"तीन आठवडे लागतील," ती म्हणाली, आणि दार उघडून धरलं.