खंडेनवमीला पूजलेली बाहुली

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते. थांबलेला श्वास परत कसा आणायचा याचा सराव करायला माणसाएवढी रबरी बाहुली मिळते, ती पाठवा म्हणून मुंबईला अर्ज करकरून माझे हात दुखले. शेवटी ती आली, तीही नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी! मेट्रनबाईंनी कात्र्या-चिमट्यांबरोबर तिचीही पूजा केली. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार.

दसरा झाला, कात्र्या कामाला लागल्या, पण बाहुलीला कुणी हात लावेना.

"अगो, दाबा की छातीवर!" मी ओरडले.

एक मुलगी म्हणाली, "सिस्टर, कात्रीचं ठीक आहे. पण हिला तोंड आहे. पूजा झालेय हिची, छातीवर कसं दाबायचं?"

माझं डोकंच फिरलं. मी तो सुकलेला हार ओरबाडून काढला, पदर खोचला, गुडघे टेकले आणि तिच्या तोंडाला तोंड लावून जोरात फुंकलं. तिची छाती टम्म वर आली.

"बघितलंत?" म्हणत मी मागे वळले.

साऱ्याजणी हात जोडून उभ्या होत्या.