पेवात सोडलेला कंदील

आज कोठीचं झाकण उघडलं, जुन्या ज्वारीचा आंबूस वास नाकात शिरला आणि मी थेट मारेगावकडच्या सासरी पोचले. मी तेव्हा नवी सून. पीक बुडालेलं, म्हणून गावानं अडीनडीसाठी जमिनीखाली पेवात पुरलेली ज्वारी त्या सकाळी काढायची होती. पेव एवढं खोल, की खडा टाकला तर आवाज दुसऱ्या दिवशी यायचा!

मामंजी उतरायला निघाले. आतली कोंदलेली हवा माणूस मारते, दिवाही विझवते, म्हणून आधी दोरीनं आमचा कंदील सोडला. तो तळाशी जाऊन विझला.

"दादा, उतरू नोको! जीव जाईन तुहा," आतेसासू किंचाळल्या.

"लेकरं उपाशी हायेत अन् तू मले थांबवून राह्यली?"

शेवटी हवा निघून जावी म्हणून पेव दुसऱ्या सकाळपर्यंत उघडं ठेवलं. सारं गाव त्या दिवशी नुसत्या अंबाडीच्या भाजीवर राहिलं.

कंदिलातलं रॉकेल मीच पहाटे चोरून चहासाठी स्टोव्हमध्ये ओतलं होतं. तळाशी थेंबभर उरलं असेल, नसेल.

तेव्हा वाटायचं, मी लेकरांचा घास अडवला. पुढं मामंजी नव्वदी ओलांडून गेले, तेव्हा वाटलं, मीच त्यांना वाचवलं. कंदील हवेनं विझला की माझ्या चहानं, ते मला अजूनही उमगलेलं नाही.