माझे न फेडलेले नवस

हृदयात स्प्रिंग बसवलेल्या माणसाला दवाखान्यात चार दिवस काही काम नसतं. द्वारका चौकात माझं ठिबकच्या नळ्यांचं आणि फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. तिथे बसून मी वीस-बावीस वर्षं लोकांना त्यांच्या शेताला पाणी कसं द्यावं ते सांगत आलो. स्वतःच्या आयुष्याकडे बघायला सवड मिळाली ती त्या कॉटवर, आणि बघितल्यावर लक्षात आलं की त्यात बघण्यासारखं फारसं काही नाही. चोपन्न वर्षांत मी एकही धाडस केलेलं नव्हतं. लहानपणी आईच्या माहेरी, सायखेड्याला, मामांची पोरं गोदावरीत धडाधड उड्या टाकायची तेव्हा मी काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचो. एकाचाही सदरा कधी हरवला नाही, हेच काय ते माझं कर्तृत्व.

मरायच्या आधी करायच्या गोष्टींची यादी करतात, असं मी मोबाइलवर कुठेतरी बघितलं होतं. बायकोकडे कागद मागितला. तिने पिशवीतून औषध कंपनीची फुकट मिळालेली डायरी काढली आणि मागचं एक पान फाडून दिलं. मी त्यावर बारा कलमं लिहिली. फवारणीचा तक्ता लिहायची सवय असल्यामुळे आकडे टाकून, सुवाच्य अक्षरात. गोदावरी पोहून पलीकडे जायचं. सप्तशृंगीगड अनवाणी चढायचा. महिनाभर चहा सोडायचा. मिशी काढून बघायची. बासरी शिकायची. विमानात बसायचं. इगतपुरीला भर पावसात दिवसभर एकट्याने चालायचं. अशीच आणखी चार, आणि सगळ्यात शेवटी, पंखा बघत बराच वेळ विचार करून लिहिलेलं बारावं: कोणालाही न सांगता आठ दिवस निघून जायचं.

लिहून झाल्यावर मला इतकं धाडसी वाटलं की मी तसाच झोपी गेलो. घरी आल्यावर यादी विसरलो, हे वेगळं सांगायला नको. गोळ्या, पथ्य, दुकान. दोन-अडीच महिने गेले.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यातच. झेंडू आणि थोडी भाजी. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि गुडघे पार गेलेले असूनही अजून वाफ्यात बसून फुलं तोडते. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे अक्षर अक्षर लावून वाचते, पण वाचल्याशिवाय कागद सोडत नाही. घरातले सगळे महत्त्वाचे कागद ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवते. माझी दवाखान्याची फाइलही तिने तिथेच ठेवली होती. एका सकाळी देव पुसताना फाइल खाली पडली आणि तिच्यातून माझं आयुष्य बाहेर आलं.

मी दुकानात निघालो होतो. तिने मला हाक मारून समोर बसवलं. हातात तो कागद.

"हे तू दवाखान्यातच लिहिलं ना?"

"हो."

"मंग यातलं किती झालं?"

"एकही नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

तिने कागद कपाळाला लावला. "अरे बाळा, इतके नवस बोलून बसला आणि एकबी फेडला नाय?"

आमच्याकडे माणूस दवाखान्यात पडला की घरातलं कोणी ना कोणी नवस बोलतं. कोणी अनवाणी गड चढायचं बोलतं, कोणी आवडीचा पदार्थ सोडतं, कोणी केस देतं. माणूस बरा झाला की नवस फेडायचा. नाही फेडला तर दुखणं परत फिरून येतं, असं आई मानते, आणि मानते म्हणजे अगदी पोटातून मानते. आता त्या डोळ्यांनी माझी यादी वाचून बघा. गड, अनवाणी. चहा सोडणं. मिशी. एकूण एक कलम नवसात चपखल बसत होतं. विमानापाशी मात्र ती जरा अडखळली. "आजकाल देव बी काय काय मागतो," एवढंच म्हणाली आणि पुढचं वाचायला लागली.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? की आई, मी मरणाच्या दारात होतो तेव्हा मला देव आठवला नाही, बासरी आठवली? चोपन्न वर्षांच्या बाप्याने असली हौस तोंडाने सांगायची म्हणजे लाजच. त्यापेक्षा नवस बरा वाटला. मी मान हलवली आणि गाडीला किक मारली.

चार दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, आईंनी चहा सोडलाय."

माझ्या आईने! दिवसाला पाच वेळा चहा घेणारी, पहिला चहा घेतल्याशिवाय सुनेशीही न बोलणारी बाई. मी विचारलं तर म्हणाली, "तुझ्यानं सुटायचा नाय. आईनं फेडला तरी देवाला पोचतो." तिचं डोकं दुखायचं, ती पदर गच्च बांधून फिरायची. आणि मी द्वारकेला टपरीवर तीन-तीन कटिंग मारत होतो. दर घोटाला ठरवायचो, आज संध्याकाळी सांगून टाकू. संध्याकाळी तिचा चेहरा बघितला की माझी पाचावर धारण बसायची.

"सांगून टाका ना," बायको म्हणायची. तिला मी सगळं सांगितलं होतं. बारावं कलम वाचून ती म्हणाली होती, "आठच दिवस? चार दिवस जास्त राहिलात तरी चालेल." त्यापुढे काही नाही. मला उगाच अपेक्षा होती की तिला वाईट वाटेल.

मग एकेक कलम मार्गी लागायला लागलं. मिशी आईने समोर उभं राहून काढायला लावली आणि ते केस कागदात बांधून नदीत सोडले. माझा वरचा ओठ एवढा लांब आहे हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. दुकानात एक जुनं गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणालं, "शेठ नाहीत का?" मी म्हणालो, "जेवायला गेलेत." बासरी आईने जत्रेतल्या स्टॉलवरून आणली आणि कृष्णाच्या देवळात नेऊन वाहिली. मी एकदा फुंकर मारून बघू का विचारलं, तर म्हणाली, "देवाची वस्तू उष्टी करतो का?" मूल व्हावं म्हणून नवस बोललेली बाई मूल झाल्यावर देवीला लाकडाचा पाळणा वाहते, तसं तिने एक प्लास्टिकचं विमान आणलं आणि गावदेवीसमोर ठेवलं. बटण दाबलं की त्याचे दिवे लागायचे. आरतीच्या वेळी ते आपोआप चालू झालं आणि पुजारी दोन पावलं मागे सरला.

सायखेड्याला तिने मला घाटावर गुडघाभर पाण्यात उभं केलं, तांब्याने डोक्यावर पाणी ओतलं आणि म्हणाली, "आता पलीकडं जायचं ना? पूल हाय की." मग आम्ही पुलावरून चालत पलीकडे गेलो आणि चालत परत आलो. ती पुढे, मी मागे, हातात तिच्या चपला. म्हणजे याही वेळी मी काठावरचा राखणदारच.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती, हे कबूल करतो. फुकटात यादी संपत होती. पण चैत्र लागला आणि तिने गडाचं काढलं. "तुझ्या छातीला झेपायचं नाय. मी चढते." तिला बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागते. वर जायला आता रुळांवरची ट्रॉली आहे, त्या ट्रॉलीने जाऊ, असं मी सांगून पाहिलं. "नवस पायांचा हाय, ट्रॉलीचा नाय."

गडावर पायऱ्यांच्या तोंडाशी तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या. पायऱ्या तापल्या होत्या. पहिल्या दहा-बारा पायऱ्या ती कठड्याला धरून चढली. दर पायरीला आधी एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबायचं. गुडघा वाकवताना ती दर वेळी डोळे मिटून घेत होती. माझ्या हातात तिच्या झिजलेल्या टाचांच्या चपला होत्या. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

"आई, थांब. ते नवस नाहीत."

ती वळली.

"मी देवीला काहीच बोललो नव्हतो. ती नुसती माझी हौस होती. राहून गेलेलं सगळं लिहून काढलं होतं. तू नवस समजलीस आणि मी गप्प बसलो."

ती खाली बसली. येणारे-जाणारे लोक आम्हाला वळसा घालून चढत होते. मला वाटलं, आता चपलेने मारेल, पण चपला माझ्याच हातात होत्या.

"म्हणजे मी महिनाभर चहा..."

"हो."

"ते विमान?"

"ते पण."

"मेल्या!" ती म्हणाली, आणि एवढ्या जोरात की खालचा नारळवाला वर बघायला लागला. मग मला वाटलं ती हसतेय. पण ती हसत नव्हती. तिने कनवटीचा तोच कागद काढला, घडी उलगडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मंग हे? हे देवानं कशाला मागितलं असंल, मला लय दिवस कळंना. ह्ये बी तुझ्याच मनातलं?"

मला खोटं बोलता येईना. "हो," मी म्हणालो.

तिने कागदाची घडी घातली. "आमचा इतका तरास होतो?"

"तसं नाही गं," मी म्हणालो. त्रास नव्हताच. फक्त एकदा कोणी माझी वाट बघत नाहीये, अशा ठिकाणी जाऊन बसायचं होतं. हे मी तिला सांगू शकलो नाही, कारण तिचं सगळं आयुष्य कोणाची ना कोणाची वाट बघण्यातच गेलं होतं. मी तिथेच खोडतो म्हणालो, पेन काढलं. तिने कागद दिला नाही. "खोडलं म्हणून मनातलं जातं व्हय?"

मग ती उठली आणि चढायला लागली. मी म्हटलं, आता कशाला, नवस तर नाहीच. "तुझा नाय," ती म्हणाली. "तू दवाखान्यात होता तवा मी बी बोलले होते." आणि वरपर्यंत ती एकदाही मागे न बघता चढत गेली. मी चपला काखेत धरून एकेका पायरीला तिच्या मागे थांबत राहिलो. मध्येच कुठेतरी मीही माझ्या चपला काढल्या. पाय भाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात निघालो तर दाराजवळ चपलांच्या फळीवर स्टीलचा मोठा डबा होता. उघडून बघितलं, शेंगदाण्याचे लाडू, खाली फडक्यात दशम्या आणि वर माझ्या गोळ्यांची पाकिटं, रबर लावून.

"हे काय?"

आई वाफ्यात बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय बी सांगू नको. कवा जायचं तवा जा. पण उपाशी जाऊ नको, अन् गोळ्या चुकवू नको."

त्याला आता सात महिने झाले. मी इगतपुरीलासुद्धा गेलेलो नाही. लाडू शिळे झाले की ती नवे भरते, दशम्या दर दोन दिवसांनी बदलते, आणि आम्ही दोघंही त्या डब्याबद्दल बोलत नाही. चहा तिने परत सुरू केला आहे. सकाळी उठली की ती आधी दाराकडे जाते. डबा जागेवर दिसला की मग दोघांचा चहा टाकते.