फावल्या वेळातल्या बायका

पेपरातली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, पण ती छापताना घडलेला किस्सा मात्र दुपारी जेवणाचा डबा उघडला की पुन्हा बाहेर येतो. भिवंडीतल्या एका छोट्या दैनिकात मी बरीच वर्षं पानं लावली. ऑफिसात बायका दोघीच, मी आणि वार्ताहर रुबिना. संपादकांना सगळे साहेब म्हणायचे. साहेब मनाने वाईट नव्हते. बायकांबद्दल छान छापून यावं असं त्यांना फार वाटायचं. घोटाळा तिथेच व्हायचा.

*

दिघाशीजवळच्या एका गोदामात पॅकिंग करणाऱ्या बायकांनी काम बंद केलं. पुरुषांसाठी संडास होता, यांना शेताच्या कडेला जावं लागे. म्हणून दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. रुबिनाने हे सगळं लिहून आणलं. साहेबांना ‘संडास’ हा शब्द पानावर नको होता. त्यांनी मथळा दिला, ‘गोदामात नारीशक्तीचा एल्गार’, आणि बातमी महिलांच्या पानावर कैरीच्या लोणच्याशेजारी बसवली.

सकाळी त्यातल्याच एकीचा फोन आला. आवाजात राग नव्हता.

“बाई, बातमी वाचली. आमी काय मागत होतो, त्ये कुठल्या पानावर हाय?”

मी फोन साहेबांच्या हातात दिला. तिने त्यांनाही तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, मोठ्या टायपात, संडास आला. पुढे गोदामातही आला.

*

दैनिकाच्या वर्धापनदिनाला जुन्या फायली काढल्या. त्यात एक फोटो सापडला. यंत्रमागांसाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या, आणि खाली छापलेलं, ‘फावल्या वेळात संसाराला हातभार लावणाऱ्या गृहिणी’.

रुबिनाची अम्मी त्या ओळीत तिसरी. तिच्या कांड्यांवरच घर चालायचं, आणि त्याच कामाची मजुरी पुरुषांना जास्त मिळायची. रुबिनाने मोबाईलवर फोटो काढून तिला दाखवला, खालची ओळ वाचून दाखवली. फोटोत आपण किती बारीक होतो, याचं आधी अम्मीला हसू आलं. मग तिने विचारलं,

“फावला वेळ? वो कब मिला था मुझे?”

*

खारबावची सुनंदा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क होती. पोट दिसायला लागल्यावर मालकाने तिला आता घरी आराम करा म्हणून सांगितलं, पुष्पगुच्छ दिला, आणि तिच्या जागी दुसरा माणूस बसवला. बातमी मालकानेच पाठवली, फोटोसकट. आम्ही छापली, ‘मातृत्वासाठी नोकरीचा त्याग’.

दोन जिने चढून ती ऑफिसात आली. साहेबांनी लगबगीने खुर्ची दिली, पाणी मागवलं. तिने आधी पाणी संपवलं.

“साहेब, त्याग मी न्हाय केला,” ती म्हणाली. “त्यांनी माझा केला.”

साहेबांनी तोच फोटो पुन्हा छापला, खाली लिहिलं, ‘गरोदर असल्याने कामावरून काढले’. तो अंक घेऊन ती कामगार खात्यात गेली, भांडली. बाळंतपणानंतर मालकाला तिला परत घ्यावं लागलं. टेबल मात्र तिला दाराशी दिलं, उन्हात.

*

रुबिनाला पोलीस ठाणं, कोर्ट, महापालिकेच्या बातम्या हव्या होत्या. तिच्या वाट्याला हळदीकुंकू आणि शाळांची गॅदरिंग यायची. साहेब म्हणायचे, तुझ्या काळजीपोटीच ती कामं देत नाही.

एकदा कापडाच्या गोदामाला आग लागली आणि ऑफिसात ती एकटीच होती. गेली. सगळं नीट टिपून आणलं. एवढ्या मोठ्या आगीच्या बातमीवर मुलीचं नाव शोभणार नाही, असं म्हणून साहेबांनी ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असं छापलं. सकाळी गोदामाच्या मालकाचा फोन. तुमचा रिपोर्टर कोण, मोठा धाडसी माणूस दिसतो, असं म्हणत होता. साहेब समोर बसलेल्या रुबिनाकडे बघत म्हणाले, हो, आमचाच माणूस.

फोन ठेवल्यावर रुबिना शांतपणे म्हणाली, “साहेब, त्या माणसाला आज सुट्टी द्या. धुराने त्याचे डोळे सुजलेत.”

*

मग मुख्य वार्ताहराची जागा रिकामी झाली. सगळ्यांना वाटत होतं, आता रुबिनाच. मिळाली तिच्यानंतर आलेल्या नीलेशला. बातमी कशी लिहायची हे त्याला तिनेच शिकवलं होतं. वर साहेबांनी तिलाच त्याच्या अभिनंदनाची चौकट लिहायला सांगितली. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. मी म्हटलं, मी लिहिते. नको म्हणाली.

चौकट चार ओळींची होती. नीलेश यांची मुख्य वार्ताहरपदी निवड झाली आहे. त्यांना बातमीदारीचे धडे रुबिना यांनी दिले. अनुभवाने त्या ज्येष्ठ आहेत. त्या स्त्री असल्याने त्यांचा विचार झाला नाही.

मी ती साहेबांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली, पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि छापायला सही केली.

दुसऱ्या दिवशी नीलेश आला तो पेपर काखेत घेऊनच. नव्या टेबलावरचं आपलं सामान उचललं, जुन्या जागी नेऊन ठेवलं आणि कॉम्प्युटर चालू केला.

साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय?

“बातमी वाचली,” नीलेश म्हणाला. “आपल्याच पेपरात आलीय, म्हणजे खरी असणार.”