दामलेबाईंचं सोवळं

दामलेबाई ट्राममध्ये दांडीला हात लावत नसत. बसायला जागा नसली तर दोन बाकांच्या मध्ये पाय रोवून, कोपर बाकाच्या पाठीला टेकवून उभ्या राहत आणि दोन्ही पंजे छातीसमोर धरून ठेवत, जणू त्यांतून काही सांडेल. वळणावर ट्राम हिसका देई, बायका एकमेकींच्या अंगावर पडत, बाई पडत नसत. कंडक्टर बंगालीत सांगे, "दीदी, धोरे दाँडान." म्हणजे धरून उभ्या राहा. बाई त्याच्याकडे बघतही नसत. पांढरं लुगडं पाहून लोकांना वाटे, विधवा आहे, शिवाशिव पाळत असेल. खरं कारण वेगळं होतं. दांडीचा पत्रा कुठेतरी उचकटलेला असतो, हाताला खरचटतं, आणि खरचटलेला हात घेऊन ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहता येत नाही. बाई आमच्या इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या, आणि सर्जनच्या हाताखाली काम करणाऱ्या मुली तयार करणं हे त्यांच्याकडे होतं. मी त्यांतली एक.

मला माणसाबद्दल लिहिण्याची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहिले तेवढेच. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. माझं बाईंवर प्रेम नव्हतं आणि त्यांचंही माझ्यावर नव्हतं.

माझे वडील खिदिरपूरच्या गोदीत खलाशी. आम्ही रत्नागिरीकडचे महार. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मुलींचं कॉलेज सकाळी भरे, ते आटोपून दुपारच्या पाळीला इस्पितळात शिकायला यायचं, असं मी ठरवलं होतं. तिथे कायमची जागा मिळाली तर कॉलेज चालू राहणार होतं. नाही मिळाली, तर बजबजच्या ज्यूट गिरणीतल्या एका मुलाकडून लग्नाची विचारणा येऊन पडलेलीच होती. मुलगा वाईट नव्हता. पण मला शिकायचं होतं.

थिएटरच्या सिस्टर मराठी आहेत हे कळल्यावर बाबांना फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या शहरात आपल्या भाषेचं माणूस! धुतलेला सदरा घालून, आईने केलेल्या नारळाच्या वड्या घेऊन ते माझ्याबरोबर आले. बाईंनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकून डबा घेतला नाही. बाबा म्हणाले, "बाईसाहेब, आपली पोरगी समजून नजर असू द्या."

"इथे आपलं-परकं काही नसतं," बाई म्हणाल्या. "इथे फक्त सोवळं आणि ओवळं."

मग त्यांनी मला हात पुढे करायला सांगितलं आणि लांबूनच नखं पाहिली. परतताना बाबांनी विचारलं, दुसरं एखादं इस्पितळ नाही का गं. तो 'सोवळं' शब्द टाळण्यासाठी तर त्यांनी गाव सोडलं होतं.

बाईंना थिएटरची शिस्त त्या शब्दाशिवाय शिकवताच येत नसे. वाफेच्या पेटीतून निघालेलं ते सोवळं, बाकी सगळं जग ओवळं. बंगाली मुलींना त्या हेच बंगालीत समजावत, तेव्हा ते साधं वाटे. माझ्याशी मात्र मराठीत बोलत, कारण बाकी कुणाला कळत नसे. मला कधीही नावाने हाक मारली नाही. "ए खिदिरपूर" एवढंच. "हाताला डोळे हवेत, खिदिरपूर, आणि तोंडाला कुलूप. तुझं उलटं आहे."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या हातांना काजळी फासली, डोळ्यांवर फडकं बांधलं आणि ब्रशने हात धुवायला लावले. फडकं सोडल्यावर जिथे काळं राहिलं असेल तिथे आपला हात रोज मळका राहतो, हे डोळ्यांनी दिसतं. युक्ती अस्सल होती, अजूनही मी तीच वापरते. माझं काळं डाव्या अंगठ्याच्या बाजूला राहिलं होतं. मीराचं तर मनगटभर. मीरा म्हणजे ढाक्याकडून फाळणीत आलेली मुलगी, माझी तिथली एकुलती मैत्रीण. मीराला बाई म्हणाल्या, पुन्हा धू. मला म्हणाल्या, "पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, एका दिवसात कसं निघेल?" मुलींना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला, आणि त्या हसल्या.

थिएटरचा एक नियम होता. हात धुऊन, गाऊन आणि हातमोजे चढवल्यावर कुणाचा हात किंवा कोपर चुकून कशाला लागला, आणि ते दुसऱ्या कुणी पाहिलं, तर पाहणाऱ्याने लगेच सांगायचं. ज्याला सांगितलं त्याने वाद घालायचा नाही, कुठे लागला विचारायचं नाही, मुकाट्याने बाजूला होऊन पुन्हा पहिल्यापासून हात धुवायचे. यात सर्जनही आले. बाई म्हणत, "कुणी पाहिलं नाही म्हणून बाटलं नाही, असं होत नाही. आणि पाहून जो बोलला नाही, तो जास्त बाटला." इतर मुलींना त्या नुसतं "टच" म्हणत. मला म्हणत, "बाटलीस. हो बाजूला." मी बाजूला होई. कार्बोलिकच्या साबणाने आणि ब्रशने माझे हात कोपरापर्यंत सोलून निघत. त्यांतल्या एका वेळी तरी माझा हात कशालाही लागला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण नियमाप्रमाणे विचारायचं नव्हतं.

भाद्रपदात मराठी मंडळाचा गणपती बसे. त्या वर्षी बाबा आम्हांला जेवणाला घेऊन गेले. मंडळातल्या कुणीतरी, आता काळ बदलला, जरूर या, असं सांगितलं होतं. गेल्यावर आमची पानं दाराशी, पंक्तीपासून जरा सोडून मांडली होती. मी खाली मान घालून बसले. मग सहज समोर पाहिलं तर पलीकडच्या दाराशी, तसंच पंक्ती सोडून, आणखी एक पान होतं आणि त्यावर दामलेबाई बसल्या होत्या. त्यांच्या सख्ख्या वहिनी वाढत होत्या. पंक्तीत त्या वाकून वाढत होत्या. नणंदेच्या पानाशी आल्यावर त्यांनी ताठ उभं राहून वरूनच भात टाकला. इस्पितळात रक्तामांसात हात घालणारी, परजातीच्या पुरुषांना शिवणारी बाई. घरच्या स्वयंपाकघरात तिला पाऊल टाकता येत नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

आमची नजरानजर झाली. मला वाटलं, त्या काहीतरी करतील. मान हलवतील, निदान ओळख देतील. त्यांनी डोळे काढून घेतले आणि पानावरचा भात कालवू लागल्या.

कुणी म्हणेल, हे पाहून मला त्यांची दया आली असेल. नाही आली. माझा राग वाढला. ज्याला ठाऊक नाही त्याने दुखवलं तर गोष्ट वेगळी. यांना तर त्या वरून पडणाऱ्या भाताची चव ठाऊक होती.

वर्ष संपत आलं तेव्हा कळलं की सर्जनच्या समोर उभं राहून पहिली मदतनीस म्हणून काम करायला एकच मुलगी ठेवणार आहेत, आणि ती बाई सांगतील ती. मीराने सरळ सांगितलं, तुला त्या घेणार नाहीत. बजबजहून पुन्हा निरोप आला. आईने माझ्या देखत लुगडी निवडायला काढली.

त्या दुपारी डॉक्टर बागचींचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. आतडं फुटलेला माणूस, सगळे घाईत. बाई स्वतः डॉक्टरांच्या समोर, पहिल्या मदतनीसाच्या जागी, हातातल्या आकड्याने जखमेची कड ओढून धरून उभ्या होत्या. मी हत्यारं देत होते. हीच माझी परीक्षा, असं त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. डॉक्टर दिवा जरा इकडे घ्या म्हणाले. वॉर्डबॉय उशीर करू लागला. बाईंनी खूण करायला डावा हात वर केला आणि त्यांच्या बोटांची मागची बाजू दिव्याच्या कडेला लागली. अगदी निसटती. हात लगेच खाली आला. त्यांना कळलं नाही. डॉक्टरांची मान खाली होती. भूल देणारा नळीकडे बघत होता. पाहिलं ते फक्त मी.

मला खूप सुचलं असं नाही. एवढंच आठवतं, की हे बोललं तर माझी जागा गेली असं वाटलं, आणि त्याच वेळी तो हात पोटाकडे जाताना दिसला.

"बाई," मी म्हटलं, "डावा हात बाटला."

हात अधांतरी थांबला. मास्कच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. नाही म्हणाल्या असत्या तर डॉक्टरांनी त्यांचंच ऐकलं असतं. डॉक्टरांनी मान न उचलता विचारलं, काय झालं. बाई बंगालीत म्हणाल्या, काही नाही, माझा हात. मग उजव्या हातातला आकडा त्यांनी माझ्यापुढे केला.

"खिदिरपूर, धर."

मी धरला. त्या गेल्या, पहिल्यापासून हात धुऊन, नवा गाऊन आणि नवे हातमोजे घालून आल्या. मला वाटलं, आता मला हटवतील. त्या मी सोडलेल्या जागी, हत्यारांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि शेवटचा टाका पडेपर्यंत मला कात्र्या देत राहिल्या. प्रत्येक कात्री माझ्या तळव्यावर गरजेपेक्षा जोरात आपटत होती.

नंतर हात धुताना आम्ही दोघीच होतो.

"'टच' म्हणायचं होतंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग तो शब्द का काढलास?"

"तुम्हांला लागावा म्हणून," मी म्हटलं. खोटं बोलण्याचं तेव्हा सुचलं नाही.

त्यांनी नळ बंद केला. "लागला," म्हणाल्या. मग हात कोरडे करत, दाराकडे जाता जाता, "उद्यापासून तू तिथेच उभं राहायचं. डॉक्टरांना मी सांगते."

जागा मला मिळाली. बजबजच्या लोकांना बाबांनी नकार कळवला. पण बाई त्या दिवसानंतर माझ्याशी मराठीत एक अक्षरही बोलल्या नाहीत. चुका दाखवत त्या बंगालीत, आणि त्याच तिखटपणाने. मीही कधी वड्यांचा डबा पुढे केला नाही.

पुढल्या वर्षी त्या विषमज्वराने गेल्या, इस्पितळाच्याच खोलीत. घरी निरोप गेला. भाऊ खाली तिरडीच्या खटपटीत राहिला आणि वहिनी वर आली ती उंबऱ्यातच थांबली. बाईंना अंघोळ घालायची होती. वहिनी मला आणि मीराला बंगालीत म्हणाली, "तुम्हीच करा गं. माझ्या घरी देव आहेत." मी मराठीत बरं म्हटलं, ते ऐकून तिने विचारलं, "तू कुणाची?"

"खिदिरपूरची," मी म्हटलं.

तिने दार ओढून घेतलं.

मीराने पाणी ओतलं. मी बाईंचा डावा हात माझ्या हातात घेतला. इतक्या दिवसांत तो मी प्रथमच उघडा शिवत होते. माझ्यासारखाच कोपरापर्यंत सोललेला, खरखरीत हात. मी साबण लावला आणि अंगठ्याच्या बाजूने सुरुवात केली. मग एकेक बोट, चारी बाजूंनी, मग नखं, मग मनगट. मी त्यांना माफ केलं होतं असं नाही. त्यांनी शिकवलेली दुसरी कुठली पद्धत मला येत नव्हती.

"झालं गं," मीरा हलकेच म्हणाली. "आता कोण बघणार आहे?"

मी उजवा हात घेतला आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं.