निळ्या डब्यातला बर्फ

प्रयोगशाळेतला फ्रिज उघडला की जो गार, ओलसर वास येतो, त्याने मला धरणगावजवळच्या आमच्या गावातली वैशाखातली एक दुपार आठवते. आई आरोग्य उपकेंद्रात झाडलोट करायची आणि लसीकरणाच्या दिवशी बर्फ भरलेला निळा डबा सांभाळायची. सिस्टर घरोघरी बाळांना बोलवायला गेल्या होत्या, तेवढ्यात समोरच्या घरातले आबा आले. त्यांच्याकडे लग्नाचे पाहुणे होते, आणि पावसाळ्यात आई त्यांच्याच कपाशीत निंदायला जायची. "दोन खडा बरफ दे ना माय, सरबतले," ते म्हणाले. आईने पदर सारखा केला आणि झाकणावर हात ठेवला. "मिळाव नही, आबा. झाकन उघडं तर लस वाया जाई. तुमना नातूनी लस बी याम्हाच शे." आता आईचं शेतातलं काम गेलं, असं मला वाटलं. आबा घराकडे वळून पाहुण्यांना ओरडून म्हणाले, "बठ्ठा जण माठनं पानी प्या रे!" सिस्टर परतल्या तेव्हा डब्यात बर्फ होता, आणि आबा नातवाला घेऊन सगळ्यांच्या आधी उभे होते. आता प्रयोगशाळेत कुणी फ्रिजचं दार उघडं टाकलं, तर मी ते लावते. हे कुठे शिकलीस, असं मैत्रिणी विचारतात. आई झाडलोट करायची म्हणून मी थोडी अडखळते, पण सांगते, "आईकडून."