तीनपैकी तीन

तुम्हा नातवंडांना तिकडे परदेशातल्या शाळेत निबंधासोबत गुणांचा तक्ता मिळतो, हे ऐकून मला हसू आलं. सत्तरच्या दशकात सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवताना मी असाच तक्ता फळ्यावर लिहिला, तर शिक्षकांच्या खोलीत थट्टा झाली. "बाईंनी निबंधाला तागडी आणली!"

मत स्पष्ट मांडणे एक, कारणे व उदाहरणे पाच, विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडणे तीन, भाषा एक.

विषय दिला, मुलींनी मॅट्रिकनंतर शिकावे का? वर्गात विणकराघरची एक मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी. परीक्षा झाली की शाळा बंद आणि घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायचं, असं वडिलांनी ठरवून टाकलेलं. तिला तर शिकायचं होतं. विरुद्ध बाजू हवी म्हणून तिनं वडिलांनाच गाठलं आणि मागापाशी बसून त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. ते इतकं झकास होतं की मी तीनपैकी तीन दिले. तिच्या स्वतःच्या कारणांत मात्र 'शिक्षण ही काळाची गरज आहे' एवढंच. पाचपैकी एक.

तपासलेल्या वहीवर पालकांची सही लागे. सहीऐवजी मुलीला घेऊन वडीलच आले, खुशीत.

"बाई, माझं म्हणणं तीनला तीन, पोरीचं पाचला एक. जिंकलो की मी!"

"ते गुण तुमचे नाहीत. तुमची बाजू तिनं नीट मांडली, त्याचे आहेत."

"असू द्या की. बोललं कोण? बरं, तिला एकच का?"

"एकही उदाहरण नाही. शिकून काय उपयोग झाला, ते दाखवायला हवं."

ते मुलीकडे वळले. "का गं? गल्लीतल्या सगळ्यांचे दवाखान्याचे कागद कोण वाचतं? विजेच्या ऑफिसात साहेबाला गप कुणी केलं? लिहायचं न्हाय का ते?"

"नाना, तुम्हीच म्हणता की, तेवढं शिकलं ते पुरे."

मी म्हटलं, "माझ्या वर्गात एकदा पुन्हा लिहिता येतं."

"लिहू दे," ते म्हणाले. "पण माझे तीन कापायचे न्हाय."

तिनं पुन्हा लिहिलं. उदाहरणं अर्थात नानांनीच पुरवली. मी कारणांना पाचपैकी चार दिले; एक गुण राखून ठेवायची माझी सवय. या वेळी खाली सही आली.

जूनमध्ये ती पेढे घेऊन आली. मॅट्रिक पास, कॉलेजात नाव घातलेलं. नाना फाटकाशी सायकल धरून उभे होते. तिथूनच ओरडले,

"बाई, पेढा नंतर खावा! पाचवा मार्क कुटं गेला, ते सांगा आधी!"